उंच आवण

सहदेव भोईर बांधावर येऊन उभा राहिला तेव्हा शांताबाई वाकून राबातलं, भाताच्या रोपांच्या वाफ्यातलं, तण काढत होती. तिला आधी त्याचे गमबूट दिसले. वरच्या अंगाला सहदेवची खाचरं, खालच्या अंगाला तिच्या नवऱ्याची, धोंडिबाची, मधे हा एक बांध. सहदेव त्यावरून यायचा-जायचा, पण थांबायचा तो फक्त पाणी अडवायला. आज बूट बराच वेळ हलले नाहीत, म्हणून तिने मान वर केली.

"धोंडिबा," सहदेव म्हणाला, "काय घातलास रं याला?"

धोंडिबाने अंगावरची प्लास्टिकची खोळ मागे सारली. "काय नाय शेठ. शेणखत. दुसरं काय घालणार?"

"कवरा उंच झालाय तुजा आवण! गावात कोनाचाच नाय असा."

आवण, म्हणजे लावणीसाठी वाढवलेलं रोप, खरंच उंच झालं होतं. पेरून बावीस दिवस होत होते. बाकीच्यांची रोपं जेमतेम वीतभर वर आली होती आणि धोंडिबाच्या राबातली कितीतरी त्यांच्या दीडपट. वारा आला की शेंडे एकदम डुलायचे, आणि शहाडकडून येणाऱ्या रस्त्यावरूनसुद्धा तो पोपटी तुकडा ओळखू यायचा. उल्हास नदीच्या अलीकडच्या त्या गावात आता भात लावणारी आठच घरं उरली होती. चहूबाजूंनी टॉवर उठले होते. त्या आठांतले तिघेजण दोन दिवसांत धोंडिबाचं आवण बघून गेले होते. सहदेव चौथा.

"माजा राब तर गेला," सहदेव म्हणाला. "त्या टॉवरचा भराव. रातच्या पावसात सगली माती वाहून आली नि राबावर बसली. खालून एक कोंब वर नाय आला."

शांताबाईला ते ठाऊक होतं. परवा विमलाबाई, सहदेवची बायको, त्या मातीत बोटं घालून रोपं शोधताना तिने पाहिली होती.

सहदेव जरा घुटमळला. मागायची सवय नसलेला माणूस. "तुजा उरंल ना थोरा? लावनी झाल्यावर?"

"उरायचं कशाला?" धोंडिबा म्हणाला. "आधीच न्या. अर्धा राब तुमचा. बेस्तरवारी या, उपटून न्या."

सहदेवने मान हलवली आणि गेला. धोंडिबा कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. कंपनीत बत्तीस वर्षं बॉयलरवर काढून तो रिटायर झाला होता. बापाच्या नावावरचा हा बावीस गुंठ्यांचा तुकडा तेव्हापासून तो स्वतः करत होता. लावणीला गावातली घरं एकमेकांकडे जायची, यांच्याकडे कुणी येत नसे. बौद्धवाड्यातली दोघं-चौघं आणि सुट्टीच्या दिवशी मुलगा-सून, एवढ्यावर त्यांचं काम व्हायचं. आज भोईरांच्या घरातला माणूस त्याच्याकडे रोप मागून गेला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं," शांताबाई म्हणाली. ती पुन्हा वाकली होती, पण तणाकडे तिचं लक्ष नव्हतं. तिच्या हातात चुकून एक उंच रोप उपटून आलं होतं. चुकून म्हणजे अगदीच सहज. निरोगी रोप ओढताना बोटांना एक झटका लागतो, माती मुळांना सोडत नाही. हे नुसतं हातात आलं. तिने चिखल धुऊन मुळं पाहिली. चार-पाच बारीक तंतू. काडी दोन बोटांत दाबली तर आत काही नव्हतं, पपईच्या देठासारखी पोकळ. तिने शेजारचं बुटकं ओढलं. ते ओढावं लागलं.

तिने दोन्ही रोपं धोंडिबाला दाखवली नाहीत. तो इतक्या आनंदात होता की तिला दाखवावंसं वाटलं नाही.

*

रविवारी मुलगा प्रफुल्ल आणि सून मृणाल वर्तकनगरहून आले. येताना त्यांनी वडे आणले होते. प्रफुल्ल बापाबरोबर पॉवर टिलर बघायला गेला आणि मृणाल सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून सासूबरोबर राबात उतरली. मृणाल ठाण्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मुलांचे प्रयोग मांडायचे, काचपट्ट्या तयार करायच्या, सूक्ष्मदर्शकं पुसून ठेवायची. शेतातलं तिला फारसं येत नव्हतं आणि ते ती लपवतही नव्हती.

"आई, ही एवढी उंच कशी काय?" तिने आल्या आल्या विचारलं.

"तेच म्हणते मी. बाबा म्हणतात जोर धरलाय."

मृणालने एक उंच रोप उपटलं. मग दुसरं. मग बुंध्याशी डोळे नेऊन पाहिलं. एक-दोन रोपांच्या पायथ्याशी, पाण्याच्या जरा वर, पांढरट भुकटी होती, किंचित गुलाबी. हळदी-कुंकवाच्या पाटावर पीठ सांडावं तितकीच. तिने ती बोटाने पुसली आणि बोट उन्हाकडे धरलं.

"यांचा रंग बघा. बाकीची हिरवी आहेत, ही पिवळट. आणि पानं काडीपासून लांब फाकलीयत."

"म्हणजे काय?"

"आत्ता नाही सांगत. चुकीचं सांगितलं तर बाबा मला लावणीला परत येऊ देणार नाहीत." ती हसली, पण हसू अर्धवट होतं. जाताना तिने दहा-बारा रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

बुधवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. धोंडिबा जेवून पाठ टेकून बसला होता. शांताबाईने मोबाइल दोघांना दिसेल असा तांदळाच्या डब्याला टेकवला.

"बाबा, रागावू नका," मृणाल म्हणाली. "मी कॉलेजातल्या मॅडमनासुद्धा दाखवलं. त्या रोपांमध्ये बुरशी आहे. बियाण्यातूनच आलीय."

"बुरशी लागल्यावर रोप मरतं," धोंडिबा म्हणाला. "हे वाढतंय."

"तेच तर. झाडाला वाढ म्हणून सांगणारा एक रस असतो. झाड तो स्वतःच करतं, लागेल तेवढा. ही बुरशी आत शिरते आणि तोच रस करायला लागते. तसलाच नाही, हुबेहूब तोच. रोपाला कसं कळणार आतून कोण सांगतंय? त्याला वाटतं आपल्यालाच वाढायचंय. मग ते मुळं धरायचं सोडून नुसतं वर जात राहतं. त्याची राखणही ढिली पडते, आणि बुरशीला आत पसरायला मोकळं होतं."

शांताबाईने विचारलं, "मग पुढं?"

"लावल्यावर बरीचशी पंधरा-वीस दिवसांत मरतील. राहतील ती उंच होतील, पण लोंबीत दाणा भरणार नाही. पळींज. आणि त्यांच्यावरची भुकटी वाऱ्याने, पाण्याने चांगल्या रोपांवर जाईल, म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणंही गेलं." ती थांबली. "गंमत म्हणजे द्राक्षाचे मणी मोठे करायला जे औषध मारतात ना, ते याच बुरशीपासून करतात. मोठ्या टाक्यांमध्ये वाढवून."

"बघ!" धोंडिबा एकदम सरळ बसला. "म्हणजे औषधच झालं की ते."

"बाबा, द्राक्षाला ते मोजून देतात. इथे मोजणारं कुणी नाहीये."

उपाय तिने सांगितला. उंच, पिवळट रोपं सगळी निवडून काढायची, जाळायची नाहीतर पिशवीत बांधून टाकायची, शेतात ठेवायची नाहीत. उरलेल्यांची मुळं औषधात बुडवून मगच लावायची. तरीही बुटक्यांपैकी काहींत रोग असणार. पण कमी.

फोन बंद झाल्यावर धोंडिबा उठून दारात गेला. बाहेर पाऊस धरला होता.

"उद्या सहदेव येणार," शांताबाई म्हणाली.

"येऊ दे."

"त्याला सांगायला पायजे."

"काय सांगू? आवण देतो म्हणालो आणि आता रोगट हाय म्हणू? तो म्हणेल, बघा, शब्द दिला नि गिळला. यांची जातच—" तो थांबला. "ने म्हणावं. नाय पिकलं तर पावसावर जाईल. त्याला कोण मृणाल सांगायला येतेय?"

शांताबाई भांडी घासत होती. तिने हातातलं पातेलं पालथं घातलं.

"गेल्या साली चार-पाच होती अशी," ती म्हणाली. "कापताना. सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी, पांढरीफटक, लोंबीत काय नाय. मी बघितली. म्हटलं असतील. तशीच पेंढीत बांधली, त्याच खळ्यावर झोडली. बियाणं मीच ठेवलं त्यातलं."

धोंडिबाने वळून पाहिलं.

"तेव्हा बोलले नाय," ती म्हणाली. "आता नाय बोलले तर ते त्याच्या शेतात जाईल. पाणी तिकडून आपल्याच खाचरात येतं. आणि पाणी नसतं आलं तरी काय, आपल्याला ठाऊक हाय ना?"

तो पुन्हा दाराबाहेर पावसाकडे वळला. मग खुंटीवरची खोळ काढून म्हणाला, "चल मग. आत्ताच जाऊ. उद्या त्याला बांधावर उभं करून सांगायला नको."

*

सहदेवच्या ओट्यावर दोन माणसं बसली होती. धोंडिबा पायरीखाली थांबला. विमलाबाईने चहा आणला. बसलेल्यांना कपबशीतून, या दोघांना कागदी कपातून. शांताबाईने कप घेतला. तो फार गरम होता, पातळ कागदातून बोटं भाजत होती. ती तो या हातातून त्या हातात फिरवत राहिली.

धोंडिबाने सगळं सांगितलं. बुरशी, बियाणं, रस. त्याला ते मृणालसारखं सांगता आलं नाही. "आतून वाढवते ती," तो म्हणाला. "रोपाला कळत नाय."

ओट्यावरचा एकजण हसला. "उंच झाला म्हनून रोग? मंग माज्या पोराला दाखव कोनातरी, तो पन लय उंच झालाय."

सहदेव हसला नाही. त्याने तपकिरी डोळे धोंडिबावर रोखले. "आवण द्याचा नसंल तर तसा सांग. सुनंचा नाव कशाला घेतोस?"

"द्यायचं नाय असं नाय शेठ. निवडून देतो. बुटकी असतील ती. औषधात बुडवून."

"बुटकी मना, उंच तुला." सहदेव उठला. "नको. तुजा तुलाच असू दे."

धोंडिबाने कागदी कप पायरीवर ठेवला. घरी येताना तो शांताबाईच्या चार पावलं पुढे चालत होता, आणि त्याची खोळ एका बाजूने चिखलात ओढली जात होती. तिने ती उचलून त्याच्या खांद्यावर टाकली. त्याला कळलंही नाही.

*

दोन दिवस त्यांनी राब निवडला. बौद्धवाड्यातली मीराबाई मदतीला आली. एकेक रोप बघायचं, उंच दिसलं की उपटायचं, बांधाच्या टोकाला ढिगात टाकायचं. कंबर लाकडासारखी व्हायची. सकाळी जो राब गच्च भरलेला दिसायचा तो संध्याकाळी जुन्या कंगव्यासारखा दिसायला लागला. निम्म्याहून थोडं कमीच उरलं. धोंडिबा निवडत होता, पण ढिगाकडे बघत नव्हता.

ढीग जाळणं शक्य नव्हतं, पाऊस थांबतच नव्हता. शांताबाईने खताच्या दोन गोण्या भरून तोंडं बांधली. तिसरी गोणी मिळाली नाही आणि तिच्या पाठीतून कळ निघत होती. बाकीचं उद्या, म्हणून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी लावणी सुरू झाली आणि उरलेला ढीग तसाच राहिला.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की बांधाच्या टोकाला ढीग नाही.

तिने वर पाहिलं. सहदेवच्या मधल्या खाचरात विमलाबाई आणि तिची जाऊ लावणी करत होत्या. मागे सरकत, चार-चार काड्या चिखलात खोचत. लावून झालेल्या भागात रोपं अशी उभी होती की पाहणाऱ्याला वाटावं महिनाभर झाला. उंच, फिकट, वाऱ्याने एका अंगाला कललेली.

शांताबाई बांधावर गेली. "वहिनी."

विमलाबाई वाकलेलीच होती.

"वहिनी, ती रोपं लावू नका. मरतील."

"टाकलेली ना तुमी?" विमलाबाई मान न उचलता म्हणाली. "टाकलेला उचलला. त्याचा पन विचाराचा का तुला?"

जाऊ फिसकन हसली. शांताबाई थोडा वेळ उभी राहिली. सगळ्यांत चांगली वाटणारी रोपं धोंडिबाने भोईरांना मिळू नयेत म्हणून उपटून फेकली, असंच या दोघींना वाटत असणार. ते तिच्या ध्यानात आलं आणि रागवावं की काय करावं ते तिला सुचेना. ती परत आपल्या खाचरात उतरली. हातातली रोपांची मूठ सोडवली. एकेक काडी रोवताना तिच्या मनात एकच येत होतं, तिसरी गोणी.

*

जुलै संपता संपता सहदेवचं खाचर पिवळं पडायला लागलं. आधी इकडेतिकडे, मग पट्ट्यापट्ट्याने. मेलेली रोपं पाण्यात आडवी झाली, जी उभी होती ती कमरेला लागायला आली. धोंडिबाच्या खाचरात विरळ लावणी होती. बुटकी रोपं आता फुटवे धरत होती. अधूनमधून एखादं उंच डोकं वर यायचं, ते शांताबाई रोज सकाळी शोधून उपटायची.

"मरू दे त्याचं," धोंडिबा वर बघून म्हणाला. "सांगितलेलं."

शांताबाईने त्या दिवशी तीन गोण्या घेतल्या आणि बांध ओलांडून सहदेवच्या खाचरात उतरली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. पाऊस भुरभुरत होता. ती एका कडेने सुरू झाली. बुंध्याशी हात घालायचा, हळूच ओढायचं, झटकायचं नाही, गोणीत घालायचं. मेलेल्या काड्यांच्या पायथ्याशी आता भुकटी स्पष्ट दिसत होती.

अर्ध्या तासाने विमलाबाई आली. बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोनी सांगितला तुला?"

"कोणी नाय."

"मंग आमच्या शेतात काय करतेस?"

शांताबाई सरळ झाली. पाठ एकदम सरळ होत नव्हती, दोन टप्प्यांत झाली. तिने हातातलं एक उंच रोप विमलाबाईकडे धरलं.

"हे बघा. पहिल्या पेराशी मुळं फुटलीत, वर, हवेत. पाय पाण्यात असून वरती मुळं शोधतंय. आणि ही काडी." तिने नखाने काडी उभी चिरली. आत नुसती पोकळी, आणि खालच्या पेराशी तपकिरी कूज. "असं आमचं सगळं होतं. आम्ही पण भुललेलो. तुमच्या आधी आम्ही भुललेलो."

विमलाबाईने रोप घेतलं नाही. पण बघत राहिली. मग साडीचा ओचा खोचून खाली उतरली, स्वतःच एक रोप उपटलं आणि नखाने चिरलं. मग दुसरं. तिसऱ्याला तिचे हात सावकाश झाले.

"माती परली राबावर तवा मी रडले नाय," ती म्हणाली. "ह्याच्यापायी मी भांडले घरात. ते नको म्हनत होते. मीच आनला."

"मी ढीग उघडा ठेवला," शांताबाई म्हणाली. "गोणीत भरायचा राहिला."

विमलाबाईने दुसरी गोणी ओढून घेतली आणि दुसऱ्या कडेने सुरू झाली. दुपारपर्यंत निम्मं खाचर मोकळं झालं. मोकळं म्हणजे चिखलात खड्डेच खड्डे.

धोंडिबा केव्हापासून खाली आपल्या खाचरात उभा होता, ते शांताबाईने पाहिलं होतं. त्याने खुरपं घेतलं, स्वतःच्या भाताचे दाट फुटव्यांचे ठोंब निवडले, त्यातले दोन-दोन, तीन-तीन फुटवे मुळांसकट अलग केले. निवडताना प्रत्येकाची काडी दाबून पाहत होता. मग घमेल्यात घालून ते बांधावर आणून ठेवले.

"नांग्या भरायला, मोकळ्या जागी," तो म्हणाला. कुणाकडे न बघता. "हे बरं हाय. मी बघितलंय."

*

सप्टेंबरात तालुक्याहून कृषी सहायक आली. शिवानी नावाची तरुण मुलगी, डोक्यावर हेल्मेट तसंच. शेजारच्या दोन शेतांतही उंच रोपं दिसली होती आणि कुणीतरी तक्रार केली होती. आठही घरांतली माणसं बांधावर जमली. ओट्यावर हसलेला तो माणूसही होता.

शिवानीने काड्या पाहिल्या, फोटो काढले. "बियाणं नाहीतर रोप बाहेरून आणलंत का? पहिल्यांदा कुठल्या शेतात दिसलं?"

लोकांनी सहदेवच्या खाचराकडे पाहिलं. मग धोंडिबाकडे. शांताबाई गर्दीतून एक पाऊल पुढे सरकली. खरं होतंच ते, रोप त्यांचंच होतं. पण खरं कशा तऱ्हेने सांगितलं जातं त्यावर सगळं असतं.

"याच्या राबातला आवण," तो हसणारा माणूस म्हणाला. "यानीच गावात पसरवला."

सहदेव गमबुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"धोंडिबानी नको सांगितलेला," विमलाबाई म्हणाली. बायकांच्या मागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घरी येऊन सांगितला, रोग हाय म्हनून. चौघांदेखत. तू पन व्हतास तवा, चहा पीत. आमी ऐकला नाय. यांनी टाकलेला मी चोरून आनला."

शिवानीचं पेन थांबलं.

"चोरून नाय," शांताबाई म्हणाली. "टाकलेलं होतं. आणि बियाणं आमचंच खराब होतं, ते लिवा. गेल्या सालापासून. मला दिसलेलं."

शिवानीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि लिहिलं. मग सगळ्यांना सांगितलं की यंदाच्या भातातलं कुणीही बियाणं ठेवू नये. चांगलं दिसलं तरी. पेरायचं ते बाहेरून आणावं, आणि भिजवताना औषध लावूनच पेरावं.

"आणि आमची कोलपी?" मीराबाईने विचारलं. कोलपी हे गावातलं जुनं भात, दुकानात मिळत नव्हतं. आठ घरांनी ते बियाणं एकमेकांच्यात फिरवत ठेवलं होतं.

शिवानीने कागदावर 'कोलपी' लिहिलं आणि खाली एक रेघ मारली.

परतताना सहदेव धोंडिबाच्या बरोबरीने चालू लागला. वळणावर म्हणाला, "सून बोलली ती खरी बोलली."

"हां," धोंडिबा म्हणाला.

"मी रागात व्हतो."

"मी पण होतो, शेठ. वेगळ्याच कसल्यातरी."

*

दसऱ्याच्या आधी चार दिवस विमलाबाई शांताबाईच्या दारात आली. आत आली नाही, पण घाईतही नव्हती. तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिचा भाऊ भगवान तिथे अजून कोलपी लावतो, पाच-सहा वर्षांपूर्वी तिनेच नेऊन दिलेली. तिथून बियाणं आणायचं तर भात कापायच्या आधी बघायला हवं. "झोडल्यावर काय कलनार? उभा असतानाच बघाया पायजे. मना नीट नाय कलत. तू येतेस?"

कल्याणहून एसटीने दोघी गेल्या. शांताबाईने मृणालला फोन करून काय काय बघायचं ते पुन्हा विचारून घेतलं होतं. मुरबाड सोडल्यावर खिडकीबाहेर टॉवर संपले, पिवळी पडत चाललेली शेतं लागली, आणि शांताबाई नकळत प्रत्येक शेतावरून नजर फिरवायला लागली. सगळीकडे भात कसं एका उंचीचं, चादर अंथरल्यासारखं. कुठे डोकं वर दिसलं की तिचे डोळे अडकायचे. बहुतेक ठिकाणी ते तणच असायचं.

भगवानच्या बायकोने पाणी आणलं. शांताबाईकडे बघून तिने विमलाबाईला हळूच विचारलं, "ह्या कोन?"

"बांधाला बांध हाय आमचा," विमलाबाई म्हणाली.

भगवानचं शेत उताराला होतं. लोंब्या भरून वाकल्या होत्या, वास येत होता. भगवान बांधावरून अभिमानाने बोलत होता, या वर्षी पाऊस कसा वेळेवर झाला, कीड कशी नव्हती. शांताबाईने चपला काढल्या, साडी वर खोचली आणि आत शिरली. एका कडेने निघाली. चार पावलं, थांबायची, बुंध्याशी हात घालायची, पुढे जायची. ऊन डोक्यावर होतं. विमलाबाई तिच्या मागून, ती जिथे हात लावेल तिथे आपणही हात लावत.

दुसऱ्या पट्ट्यात, मध्यावर, शांताबाई थांबली. एक काडी बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. फिकट. लोंबी ताठ, हलकी. तिने ती मुळासकट उपटली, पेराशी दाबली आणि वर धरून दाखवली.

"ही एक सापडली. इथून पाच पावलं चारी बाजूंचं बियाण्याला घ्यायचं नाय. पलीकडचं बघते अजून."

भगवान हसायला लागला. "अहो बाई, एवढ्या शेतात एक काडी! एका काडीनं काय होतंय?"

"तू गप रे भगवान," विमलाबाई म्हणाली. "तिला बघू दे."